टेक्सासच्या जुन्या तेलपट्ट्यातले खनिज हक्क विकायचे असतील तर

पश्चिम टेक्सासमधल्या स्करी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), स्नायडर गावाजवळ, १९४८ च्या अखेरीस कॅन्यन रीफ नावाच्या चुनखडीच्या थरात तेल लागलं. पुढच्या दोनेक वर्षांत गावाचं रूप पालटलं आणि विहिरींची गर्दी झाली. खालचा दाब झपाट्यानं घटू लागला, तेव्हा १९५३ मध्ये बहुतेक क्षेत्र एकत्र करून ‘सॅक्रॉक’ हे युनिट, म्हणजे एकच क्षेत्र म्हणून चालवला जाणारा गट, उभं राहिलं. १९७२ पासून तिथे कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडून उरलेलं तेल वर ढकलणं सुरू आहे. २००० पासून हे काम किंडर मॉर्गन कंपनीकडे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेलं हे क्षेत्र अजून तेल देतं आणि त्यातल्या शेकडो छोट्या हिस्सेदारांना अजून रॉयल्टीचे, म्हणजे उत्पादनातल्या वाट्याचे, चेक येतात.

वारशानं, लग्नसंबंधातून किंवा गुंतवणूक म्हणून असा एखादा हिस्सा ज्यांच्या हाती आला आहे आणि ‘तुमचे खनिज हक्क रोखीनं विकत घेतो’ अशी पत्रं ज्यांना येऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण स्करीचं घेतो, पण टेक्सासमधल्या कुठल्याही जुन्या काउंटीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: पत्रातला आकडा सगळ्यात शेवटी वाचा. पत्र पाठवणाऱ्यानं तुमचा हिस्सा, तुमच्या विहिरींचं उत्पादन आणि ते कोणत्या वेगानं घटतंय, हे सगळं काढून मगच आकडा टाकलेला असतो. ही माहिती तुम्हालाही फुकट किंवा जवळपास फुकट मिळते. ती हातात नसताना आकडा वाचला की तोच मनात बसतो, आणि पुढची सगळी घासाघीस त्याच्याच आसपास होते.

आधी हे कळू द्या की तुमच्याकडे नेमकं काय आहे

आपल्याकडे सातबारावर नाव असलं तरी जमिनीखालची खनिजं साधारणपणे सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतच तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे मराठी माणसाला टेक्सासची पद्धत पहिल्यांदा विचित्र वाटते. तिथे जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात. दोन्ही मालमत्ता स्वतंत्रपणे विकता येतात, वारसांत वाटता येतात. वापरात नाहीत म्हणून खनिज हक्क आपोआप पृष्ठभागाच्या मालकाकडे जावेत असा कायदा टेक्सासमध्ये नाही. म्हणून १९२० साली पणजोबांनी राखून ठेवलेला हिस्सा आजही जिवंत असतो, फक्त तो चाळीस पणतवंडांत विखुरलेला असतो.

हक्कांचे प्रकार चार. पूर्ण खनिज हक्क असेल तर तेल कंपनीला नवा भाडेपट्टा (लीज) देण्याचा अधिकार, त्यावेळी मिळणारी एकरकमी रक्कम म्हणजे बोनस, आणि पुढची रॉयल्टी हे तिन्ही तुमचं. नुसता रॉयल्टी हक्क म्हणजे फक्त उत्पादनातला वाटा. बिगरसहभागी रॉयल्टी म्हणजे उत्पन्न मिळतं, पण भाडेपट्ट्याच्या वाटाघाटीत तुम्हाला आवाज नाही. चौथा प्रकार ओव्हरराइडिंग रॉयल्टी. ती भाडेपट्ट्यातून निघालेली असते आणि तो संपला की तीही संपते. जुन्या क्षेत्रात हा फरक फार महत्त्वाचा, कारण ऑपरेटरनं, म्हणजे विहिरी चालवणाऱ्या कंपनीनं, विहिरी बंद करून पट्टा सोडला तर ओव्हरराइडची किंमत शून्य होते, खनिज हक्काची मात्र होत नाही.

तुमचा प्रकार कोणता हे चेकवरून कळत नाही. त्यासाठी मूळ खरेदीखत, मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र पाहावं लागतं. काउंटी क्लार्कच्या कार्यालयात ते नोंदलेलं असतं आणि बऱ्याच काउंट्यांचे दस्त आता ऑनलाइन शोधता येतात. जमिनीचं वर्णन रेल्वे सर्व्हेच्या भाषेत असतं, उदाहरणार्थ ‘ह्यूस्टन अँड टेक्सास सेंट्रल रेल्वे सर्व्हे, ब्लॉक ९७’ आणि त्यापुढे सेक्शनचा क्रमांक. तो ब्लॉक-सेक्शन नीट उतरवून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

आणेवारीचं गणित

समजा १६० एकरांच्या तुकड्यात आजोबांकडे खनिजांचा पाव हिस्सा होता आणि तो चार भावंडांत वाटला गेला. तुमच्या वाट्याला एक सोळांश, म्हणजे १० निव्वळ खनिज एकर. जुन्या भाडेपट्ट्यात रॉयल्टी बहुतेक वेळा एक अष्टमांश असते. मग त्या तुकड्यावरच्या उत्पादनात तुमचा ‘दशांश’ (दशांश अपूर्णांकात लिहिलेला वाटा) १/१६ गुणिले १/८, म्हणजे ०.००७८१२५.

आता युनिटचा भाग. युनिटमध्ये तुमच्या तुकड्यावरच्या विहिरीत किती तेल निघतं याला अर्थ उरत नाही. प्रत्येक तुकड्याला युनिट करारात एक ठरावीक सहभाग दिलेला असतो आणि पैसे संपूर्ण युनिटच्या उत्पादनावर वाटले जातात. तुमच्या तुकड्याचा सहभाग ०.००२ आहे असं धरू. मग तुमचा अंतिम दशांश ०.००००१५६२५. आकडा बघून हसू येतं, पण युनिट महिन्याला ५ लाख बॅरल काढत असेल तर त्यातले ७.८ बॅरल तुमचे. ७० डॉलरच्या भावानं ते सुमारे ५४७ डॉलर होतात. (हे सगळे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत; तुमचा दशांश चेकसोबतच्या पावतीवर छापलेला असतो.)

या गणिताचा एक व्यावहारिक फायदा आहे. खरेदीदार कधीकधी सांगतो, ‘तुमच्या जमिनीवरची विहीर बंद पडली आहे, आता काही उरलं नाही.’ युनिटमध्ये असाल तर त्या विहिरीचा तुमच्या चेकशी थेट संबंध नाही.

पावती वाचताना दशांश, विकलेलं प्रमाण, भाव आणि कपाती या चार गोष्टी पाहा. टेक्सासचा उत्पादन कर तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के आहे, आणि कार्बन डायऑक्साइडसारख्या पद्धतीनं तेल काढणाऱ्या काही मंजूर प्रकल्पांना तेलावर अर्धा दर लागतो. त्याखेरीज वाहतूक, प्रक्रिया, दाबवाढ अशा नावांनी वजावट होत असेल, तर तुमच्या भाडेपट्ट्यात ती मान्य आहे का हे तपासा. पावतीवरचा दशांश आणि तुम्ही कागदांवरून काढलेला दशांश जुळला नाही, तर विक्री तिथेच थांबवा आणि ऑपरेटरच्या मालकी विभागाला लेखी विचारा. वारसनोंद अर्धवट राहिल्यामुळे पैसे अडकून पडलेले असणं फार सामान्य आहे. पत्ता बदलला आणि पत्रं परत गेली, तर ती रक्कम शेवटी राज्याच्या कम्प्ट्रोलरकडे (वित्त अधिकाऱ्याकडे) बेवारस म्हणून जमा होते. तिथे नाव टाकून शोध घेणं फुकट आहे. आई-वडिलांच्या आणि आजोबांच्या नावानंही शोधा.

घट किती वेगानं होतेय

टेक्सासमध्ये तेल-वायूवर देखरेख करणाऱ्या खात्याचं नाव रेलरोड कमिशन आहे. रेल्वेशी त्याचा आता काहीही संबंध नाही, नाव तेवढं राहिलं. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक लीजचं महिनावार उत्पादन कोणालाही पाहता येतं, नकाशावर विहिरी दिसतात आणि नव्या विहिरींसाठी मागितलेले परवानेही. किमान दहा वर्षांचे आकडे उतरवून घ्या आणि वर्षागणिक किती टक्के घट आहे ते काढा. एखाद्या वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन तेलाचा वायदा भाव शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या सुमारास अनेकांनी विहिरी काही काळ बंद ठेवल्या, त्यामुळे ते वर्ष कोणत्याच बाजूनं खरं चित्र दाखवत नाही.

आता किमतीचा ठोकताळा. उत्पन्न दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घटत असेल आणि तेलाचा भाव साधारण स्थिर धरला, तर आजची किंमत म्हणजे वार्षिक निव्वळ उत्पन्न भागिले घटीचा दर अधिक अपेक्षित परताव्याचा दर. महिन्याला ५०० डॉलर हातात येतात, म्हणजे वर्षाला ६,०००. घट ६ टक्के आणि खरेदीदाराला हवा असलेला परतावा १२ टक्के असेल, तर ६,००० भागिले ०.१८, म्हणजे सुमारे ३३,३०० डॉलर, साडेपाच वर्षांचं उत्पन्न. तीच घट १० टक्के आणि परतावा १५ टक्के धरला तर २४,००० डॉलर, चार वर्षांचं उत्पन्न. सगळा वाद या दोन टक्केवारींचा आहे. परतावा किती मागायचा हा खरेदीदाराचा प्रश्न, पण घट किती हे सरकारी आकड्यांत दिसतं, त्यावर त्याला हवं ते सांगू देऊ नका. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या क्षेत्रात घट बऱ्याचदा सौम्य असते, पण तेल काढण्याचा खर्चही जास्त असतो. भाव बराच काळ पडलेला राहिला तर ऑपरेटर कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडणं आणि नवी कामं कमी करतो, आणि उत्पादन आधीच्या अंदाजापेक्षा वेगानं घटतं.

एकराच्या भावानं बोलणाऱ्यांपासून जरा सावध राहा. जिथे नव्या आडव्या विहिरी खोदल्या जाणार आहेत तिथे एकराचा भाव ठीक आहे. स्करी हे पर्मियन खोऱ्याच्या, म्हणजे पश्चिम टेक्सासमधल्या मोठ्या तेलपट्ट्याच्या, पूर्वेकडच्या कडेवर आहे. ‘पर्मियन’ हा शब्द ऐकून खोऱ्याच्या मध्यावरच्या मिडलंडचे भाव इथे मागू नयेत, आणि कोणी देऊ केले तर कागद दोनदा वाचावेत. २०१२ च्या सुमारास या पट्ट्यात क्लाइन शेल नावाच्या खडकाच्या थराची मोठी हवा झाली होती. अपेक्षा होती तेवढं काही त्यातून निघालं नाही.

तरीही खोलीचे हक्क फुकट देऊन टाकू नका. युनिट सहसा ठरावीक थरापुरतं असतं. त्याच्या वरचे आणि खालचे थर युनिटबाहेर असू शकतात, मात्र जुन्या भाडेपट्ट्यात थर सोडवून घेण्याचं कलम नसेल तर उत्पादन चालू आहे तोवर सगळी खोली बांधलेलीच राहते. विक्रीत ‘फक्त युनिटमधला थर विकतो, बाकी खोली राखून ठेवतो’ असं लिहून घेता येतं. काही खरेदीदार कुरकुरतात. जो फक्त चालू उत्पन्नाचे पैसे देतोय, त्यानं कुरकुर करायचं कारण नाही.

विकायचं का?

सरसकट उत्तर नाही, पण मी कोणत्या बाजूला झुकतो ते सांगतो. महिन्याला पंधरा-वीस डॉलर येत असतील आणि तुमच्यानंतर तो हिस्सा सहा जणांत वाटला जाणार असेल, तर विका. पुढच्या पिढीच्या वकिलाचा खर्च हिश्शाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेले यांनीही विकण्याचा गंभीरपणे विचार करावा. त्यांच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर मृत्यूनंतर लागणाऱ्या करात सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत आहे, आणि भारत-अमेरिका यांच्यात या करापुरता वेगळा करार नाही. उलट उत्पन्न चांगलं असेल, घट ५-६ टक्क्यांच्या आत असेल आणि पैशाची निकड नसेल, तर अर्धा हिस्सा विकून अर्धा ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. अर्धा विकता येतो हे बऱ्याच जणांना सुचतच नाही, कारण पत्रात नेहमी ‘संपूर्ण हक्क’ असतं.

वारसनोंद आणि मुखत्यारपत्र

हक्क अजून आजोबांच्या नावावर असतील तर आधी ती साखळी जोडावी लागते. मृत्युपत्र टेक्सासच्या न्यायालयात प्रमाणित (प्रोबेट) झालेलं नसेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र हा स्वस्त मार्ग आहे: कुटुंबाची माहिती असलेल्या, पण मालमत्तेत स्वारस्य नसलेल्या दोन व्यक्तींची साक्ष लागते आणि ते काउंटीत नोंदवायचं असतं. पाच वर्षं नोंदीत राहिलं की न्यायालयात त्याला प्राथमिक पुराव्याचं वजन येतं. तोवर सावध खरेदीदार कुरबुर करतो किंवा भाव पाडतो. रक्कम मोठी असेल तर टेक्सासमधल्या प्रोबेट वकिलाकडे जावं.

पुण्यात किंवा नाशकात बसून सही करायची असेल तर दोन रस्ते आहेत. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत नोटरीची वेळ घ्यायची, किंवा भारतीय नोटरीसमोर सही करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा दाखला) घ्यायचं. काउंटी क्लार्कला आणि खरेदीदाराच्या वकिलाला कोणतं चालेल हे आधी ईमेलवर विचारून घ्या. घरातल्या एखाद्याला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते या विशिष्ट मालमत्तेपुरतं आणि मुदतीचं द्या, आणि त्यात किमान किंमत लिहा.

खरेदीदार आणि खरेदीखत

एकाच पत्रावर कधीही विकू नका. तीन-चार खरेदीदारांकडून लेखी भाव मागवा. हिस्सा मोठा असेल तर दलाल किंवा ऑनलाइन लिलाव परवडतो, छोट्या हिश्शाला दलालीच खाऊन टाकते. पत्र पाठवणारे बरेच जण स्वतः पैसे गुंतवत नाहीत. तुमच्याशी करार करून तो पुढे जास्त भावानं दुसऱ्याला देतात. म्हणून करारात ‘दुसऱ्याला हस्तांतरित करण्याचा हक्क’ असेल तर तो काढायला सांगा, निदान का आहे ते विचारा.

पत्रासोबत कधीकधी तयार खरेदीखत आणि बँक ड्राफ्ट येतो. ड्राफ्ट पाहून चेक मिळाल्यासारखं वाटतं, पण तो ‘३० दिवसांत, तुमची मालकी तपासून पटली तर’ अशा अटीचा असतो. तुम्ही खत सही करून पाठवता, खत नोंदलं जातं आणि ड्राफ्ट न वटताच परत येतो. हा धोका घ्यायची काहीही गरज नाही. सही केलेलं खत वकिलाकडे किंवा एस्क्रोमध्ये (तटस्थ तिसऱ्याच्या ताब्यात) राहू द्या, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ते सुटणार नाही असं लेखी ठरवा. बँक तपशील ईमेलवर बदलून आले तर फोन करून खात्री करा, तोही ईमेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

टेक्सासचा कायदा इथे थोडी मदत करतो. टपालानं खरेदीखत आणि ड्राफ्ट पाठवणाऱ्यानं त्यावर ठळक अक्षरांत लिहावं लागतं की सही केल्यावर तुम्ही हक्क विकत आहात. भाडेपट्ट्यासारखं नाव देऊन प्रत्यक्षात विक्री करून घेणाऱ्या कागदांसाठीही २०१९ मध्ये असाच नियम आला. ‘रॉयल्टी लीज’ असं शीर्षक दिसलं तर समजून जा.

खतात या गोष्टी स्वतः वाचा, वकील असला तरी. वर्णनानंतर ‘आणि या काउंटीतल्या इतर सर्व जमिनी’ असं एखादं वाक्य असतं. ते खोडून टाका, नाहीतर तुम्हाला माहीतही नसलेले दुसरे तुकडे त्याच किमतीत जातात. हमी शक्यतो मर्यादित ठेवा: तुमच्या काळात तुम्ही हक्क कुठे गहाण टाकला वा विकला नाही एवढीच. संपूर्ण हमी दिली तर पणजोबांच्या काळातल्या चुकीचंही उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. लागू होण्याची तारीख पाहा. ती सहा महिने मागची टाकली असेल तर त्या सहा महिन्यांचे चेकही खरेदीदाराचे होतात. अडकलेली जुनी रक्कम कुणाची, हे एका ओळीत स्पष्ट लिहा. आणि मालकीच्या तपासणीत हिस्सा कमी निघाला तर किंमत त्याच प्रमाणात कमी होईल, हिस्सा जास्त निघाला तर जास्त होईल, असं दोन्ही बाजूंनी असू द्या. पहिलं वाक्य त्यांच्या मसुद्यात असतंच, दुसरं बहुतेक वेळा नसतं.

कर, आणि भारतात राहणाऱ्यांचा वेगळा हिशेब

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: रॉयल्टी हे सामान्य उत्पन्न आहे आणि त्यातून साधारणपणे १५ टक्के ‘डिप्लीशन’, म्हणजे साठा घटत गेल्याबद्दलची वजावट, मिळते. विक्रीवर मात्र, हक्क वर्षाहून जास्त काळ हातात असेल किंवा वारशानं आला असेल तर, दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. पूर्वी घेतलेल्या वजावटीचा काही भाग सामान्य उत्पन्न म्हणून परत धरला जाऊ शकतो. वारशानं आलेल्या हक्काची मूळ किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव. त्या तारखेचं मूल्यांकन करून घेतलेलं नसेल तर आता मागील तारखेचं करून घ्या, हजार डॉलर खर्चून कित्येक हजार वाचू शकतात. खनिज हक्क स्थावर मालमत्ता मानले जात असल्यामुळे पैसे दुसऱ्या स्थावरात गुंतवून कर पुढे ढकलण्याची सोयही आहे: ४५ दिवसांत मालमत्ता निवडायची, १८० दिवसांत व्यवहार पूर्ण करायचा.

अमेरिकेच्या दृष्टीनं परदेशी असलेल्या विक्रेत्याकडून खरेदीदारानं एकूण किमतीच्या १५ टक्के कापून सरकारला भरायचे असतात. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. कमी कपातीचा दाखला आधी मागता येतो, पण त्यासाठी आणि नंतर विवरणपत्र भरून परतावा मिळवण्यासाठी अमेरिकी करदाता क्रमांक लागतो. तो मिळायला वेळ जातो, म्हणून पहिलं काम तेच सुरू करा.

भारतात निवासी असाल तर खरी मेख पुढे आहे. अमेरिकेत मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात, भारतात मात्र आधीच्या मालकाला ती मालमत्ता ज्या किमतीला पडली ती धरतात. त्यामुळे अमेरिकेत नफा शून्य दिसू शकतो आणि भारतात जवळपास सगळी रक्कम नफा ठरू शकते. अमेरिकेत करच लागला नाही तर भारतात वजावट मागायलाही काही उरत नाही. नुकतेच परत आलेले आणि अजून ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात असलेले लोक त्या काळात विक्री उरकू शकतात. चार्टर्ड अकाउंटंटला हा प्रश्न विक्रीच्या आधी विचारा. परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशानं आलेली परदेशी स्थावर मालमत्ता बाळगायला आणि विकायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही. पण विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवावी लागते, चेक पंधरा डॉलरचा असला तरी.

विक्रीनंतर

खत नोंदल्यावर त्याची शिक्क्याची प्रत मागून घ्या. तीच प्रत ऑपरेटरला आणि काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाला पाठवा. टेक्सासमध्ये उत्पादन देणाऱ्या खनिजांवर मालमत्ता कर लागतो आणि तो १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतो, म्हणून चालू वर्षाचा कर कोणी भरायचा हे खतातच लिहिलेलं बरं. (५०० डॉलरपेक्षा कमी करपात्र मूल्याच्या हिश्शाला हा कर नसतो.) ऑपरेटरची नोंद बदलायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात तुमच्या नावानं आणखी चेक येतील. पैसे लगेच खर्च करू नका. उत्पादनाचा महिना पाहा, खतातल्या तारखेशी ताडा आणि खरेदीदाराचे असतील ते त्याला पाठवून पोच घ्या.